बांध कोरणारा शेजारी: कोणत्या तक्रारीला कोणतं दार

आमच्या आत्याच्या शेताच्या बांधावर एक बोरीचं झाड आहे. मी लहान असताना त्या झाडाच्या दोन्ही अंगांनी बैल जाईल एवढा बांध रुंद होता. चार वर्षांपूर्वी ज्वारीच्या दिवसांत मी तिच्याकडं गेलो, तर ते झाड शेजाऱ्याच्या ज्वारीत उभं होतं. झाड जागचं हललं नव्हतं, बांध हलला होता.

शेजारी म्हणजे भावकीच. आतोबांचा चुलत भाऊ. आत्या त्याला एवढंच म्हणाली, "भाऊजी, बोर बांधावर होती आपल्या." तो ट्रॅक्टरवरून खाली न उतरता म्हणाला, "मग काय वहिनी, झाड चालत आलं का माझ्याकडं?" आत्या पुढं एक शब्द बोलली नाही. त्याचे दोन्ही मुलगे तिथंच उभे होते आणि तिचे दोघं पुण्यात नोकरीला.

हा लेख तिच्यासारख्यांसाठी लिहितो आहे. अरेरावी करणारा शेजारी शहरातही भेटतो, पण तिथं घरं शेजारी असतात. गावात जमीन शेजारी असते, आणि जमीन विकून दुसरीकडं राहायला जाता येत नाही.

बांध कोरणं म्हणजे नेमकं किती नुकसान, हे आधी आकड्यात पाहू. आपल्याकडची जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता वीस साखळ्या लांबीचा, म्हणजे ६६० फुटांचा बांध धरा. नांगरताना दर वर्षी फक्त अर्धा फूट आत घेतला, तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दहा वर्षांत ते पाच फूट होतात, आणि पाच गुणिले ६६० म्हणजे ३३०० चौरस फूट. तीन गुंठे गेले. भांडण एकदाही झालेलं नसतं.

म्हणून बांध कोरणाऱ्याचा भरवसा त्याच्या ताकदीपेक्षा आपल्या मोजमाप न करण्यावर जास्त असतो. पहिल्या वर्षी तो नांगराचं एक तास, म्हणजे नांगरटीची एक ओळ, जास्त घेऊन बघतो. कुणी बोललं नाही तर पुढच्या वर्षी दुसरं तास. मग वाटेत काट्या टाकून बघतो, मग पाटाचं पाणी वळवून बघतो. विधवा बाई, म्हातारं जोडपं, मुलं बाहेरगावी असलेलं घर, भावकीत एकटा पडलेला माणूस, अशीच घरं हेरली जातात.

आता मुद्द्याचं. शेजारी करतो ते सगळं आपल्याला एकच वाटतं, "त्रास देतो". कायद्याच्या नजरेत मात्र ती तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी. हद्द सरकवली तर भूमी अभिलेख आणि दिवाणी कोर्ट. वाट किंवा पाणी अडवलं तर तहसीलदार. शिवीगाळ, धमकी, मारहाण, नासधूस झाली तर पोलीस. आपण बहुतेकदा तिन्ही घेऊन पोलीस ठाण्यात जातो, तिथं "ही दिवाणी बाब आहे" असं ऐकून परत येतो, आणि कायदा काही कामाचा नाही असं ठरवून टाकतो. कायद्याला बोल लावण्याआधी आपण चुकीच्या दारात तर उभे नव्हतो ना, हे पाहायला हवं.

हद्द: आधी मोजणी, मग बोलणं

बांधावर उभं राहून "इथपर्यंत माझं" म्हणण्याला काही किंमत नाही. किंमत आहे ती सरकारी मोजणीच्या नकाशाला. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करायचा. सोबत ताजा सातबारा, मोजणी फी आणि लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते. अर्ज ऑनलाइनही होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. घाई असेल तर जास्त फी भरून द्रुतगती घ्यायची.

मोजणीच्या तारखेची नोटीस लगतच्या सगळ्यांना जाते. शेजारी आला नाही तरी मोजणी होते. त्यानं सही नाकारली तरी मोजणी रद्द होत नाही, तसा शेरा लिहिला जातो. तो आडवा येईल अशी भीती असेल तर आधीच पोलीस बंदोबस्त मागता येतो. उभ्या पिकात मोजणी नीट होत नाही, त्यामुळं रान मोकळं असतानाची तारीख मिळेल अशा बेतानं अर्ज टाकावा.

आत्याच्या मोजणीला मी हजर होतो. भूकरमापकानं कार्यालयातून मूळ टिपणाची नक्कल आणली होती. टिपण म्हणजे जुन्या मोजणीच्या वेळी प्रत्येक सर्व्हे नंबरचा काढलेला मापांसह कच्चा नकाशा. त्यानं आधी गावाच्या जुन्या पक्क्या खुणा शोधल्या, एक हद्दीचा दगड तर घाणेरीच्या जाळीत पुरलेला निघाला. मग यंत्र लावून माप धरत धरत आला आणि फक्कीची पांढरी रेघ ओढत गेला. ती रेघ बोरीच्या झाडाच्या बुंध्याला घासून गेली. शेजारी हाताची घडी घालून बघत होता. त्याच्याकडं पाहत आत्यानं नुसता पदर खोचला. पावणेतीन गुंठे निघाले.

या मोजणीचा जो नकाशा मिळतो त्याला 'क' प्रत म्हणतात. ती जपून ठेवा, झेरॉक्स काढा, मुलांच्या फोनमध्ये ठेवा. शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर तो निमताना मोजणी मागू शकतो, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासून घेणं. तो त्याचा हक्क आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

इथं एक गैरसमज फार लोकांना महागात पडतो. मोजणी झाली म्हणजे जमीन परत मिळाली असं नाही. भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. पांढरी रेघ शेजाऱ्याच्या रानातून गेली म्हणून दुसऱ्या दिवशी तिथं नांगर घातला, तर गुन्हा आपल्यावर दाखल व्हायचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १३८ प्रमाणे, हद्दीचा रीतसर निर्णय झाल्यावर दुसऱ्याच्या जमिनीत बसलेल्याला काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पण बहुतेक प्रकरणं दिवाणी कोर्टातच जातात: अतिक्रमण काढून ताबा मिळावा आणि पुन्हा हरकत करू नये म्हणून मनाई हुकूम मिळावा, असा दावा. अशा दाव्यात कोर्ट बऱ्याचदा मोजणी अधिकाऱ्यालाच कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा, नेमतं.

मुदती इथं नीट लक्षात ठेवा. ताबा नुकताच हिसकावला असेल, तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि तिथं मालकीच्या खोलात न जाता फक्त "ताबा माझा होता आणि तो बेकायदा काढला" एवढंच दाखवायचं असतं. मालकीच्या जोरावर ताबा मागायला बारा वर्षांची मुदत आहे. बारा वर्षं झाली की जमीन आपोआप त्याची होते, असं गावात छातीठोकपणे सांगितलं जातं. ते तसं नाही. उघडपणे, सलग आणि मालकाच्या हक्काला आव्हान देऊन ताबा होता, हे त्याला कोर्टात सिद्ध करावं लागतं. पण बारा वर्षं गप्प बसलेला मालक त्याचं काम सोपं करून ठेवतो, हे खरं.

वाट अडवली तर: तारीख लिहा, आणि खरी लिहा

माझ्या मते बांधापेक्षाही जिव्हारी लागणारा त्रास वाटेचा. ऊस तोडून पडला आहे, गाडी आत येत नाही. कांदा काढला आहे, पाऊस आभाळात आहे, आणि वाटेवर बाभळीच्या काट्या. बांध कोरणारा वर्षात एकदा नुकसान करतो, वाट अडवणारा रोज मान खाली घालायला लावतो.

यासाठी दोन कायदे आहेत, आणि दोन्ही तहसीलदारांकडेच चालतात. त्यामुळं लोकांचा गोंधळ होतो आणि अर्ज चुकीच्या कलमाखाली पडतो.

पहिला, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. मामलेदार म्हणजे तहसीलदारच, जुनं नाव. वहिवाटीची वाट आधीपासून आहे आणि ती कुणी बेकायदा अडवली, तर हे कलम. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात आणि पुन्हा अडवू नये म्हणून मनाईही देऊ शकतात. मुदत: अडथळा केल्यापासून सहा महिने.

दुसरा, जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. शेतात जायला वाटच नाही, नवी हवी आहे, तर हे कलम. ही वाट शेजाऱ्यांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून मिळते. कुणाच्या रानाच्या मधून चिरून नाही. गरज खरी आहे का, दुसरी जवळची वाट आहे का, कुणाचं कमीत कमी नुकसान होईल, हे तहसीलदार जागेवर पाहून ठरवतात. इथं सहा महिन्यांची अट नाही. निर्णय पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

आता माझी सगळ्यात कळकळीची सूचना. मामलेदार न्यायालयातल्या अर्जात आपला त्रास किती जुना आहे हे दाखवायला लोक लिहितात, "सामनेवाला गेल्या पाच वर्षांपासून रस्ता अडवत आहे." त्या एका वाक्यानं अर्ज मुदतीबाहेर जातो, कारण कायदा सहा महिनेच मोजतो. दुःख मोठं दाखवण्याच्या नादात हातातला हक्क जातो. पूर्वी अधूनमधून कटकट व्हायची, पण वाट चालू होती. या वर्षी अमुक तारखेला त्यानं चर खणला आणि वाट बंद झाली, अशी वस्तुस्थिती असेल तर ती तारखेसह तशीच लिहा. खोटी तारीख मात्र कधीही घालू नका. स्थळपाहणीत चराच्या मातीवर उगवलेलं गवतसुद्धा साक्ष देतं. आणि खरोखर सहा महिने उलटून गेले असतील, तर दिवाणी कोर्टात जा, किंवा दुसरी वाटच नसेल तर कलम १४३ चा विचार करा.

वाट होती हे दाखवायचं कसं? भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची प्रत काढा. पाऊलवाट आणि गाडीवाट नकाशात तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. जुनी खरेदीखतं वाचा. चतुःसीमेत "उत्तरेस गाडीवाट" असं लिहिलेलं निघालं, तर तो शंभर साक्षीदारांच्या तोडीचा पुरावा. आणि ज्यांच्या गाड्या त्या वाटेनं गेल्या त्या गावकऱ्यांचे जबाब. मामलेदार न्यायालय कायद्याखालच्या तहसीलदारांच्या निकालावर अपील नाही. फेरतपासणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो, आणि बऱ्याच ठिकाणी तो प्रांत ऐकतात. निकाल आपल्या बाजूनं लागला की वाटेची नोंद सातबाराच्या इतर हक्कात करून घ्या. नाहीतर पुढच्या पिढीत हेच भांडण पहिल्यापासून सुरू.

पाण्याचंही असंच. नैसर्गिक ओघळीनं वाहणारं पाणी कुणी बांध घालून आपल्या रानात तुंबवलं, तरी मामलेदार न्यायालयाचं तेच कलम ५ आणि तीच सहा महिन्यांची मुदत.

पोलिसांकडं कधी आणि कसं

धमकी दिली, अंगावर धावून आला, मारलं, पीक मोडलं, तर पोलीस. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यामुळं ओळखीचे "पाचशे चार, पाचशे सहा" आता नव्या आकड्यांत आहेत: शांतता बिघडवण्याच्या हेतूनं अपमान कलम ३५२, धमकी कलम ३५१. माणसाला जाता येता अडवणं कलम १२६. बाईला उद्देशून अश्लील बोलणं, हावभाव करणं कलम ७९. सरकारी मोजणीत रोवलेला हद्दीचा दगड उपटणं, शेतीच्या पाण्यात घट करणं, कडब्याची गंज पेटवणं हे तिन्ही कलम ३२६ मध्ये येतात, आणि त्यातल्या शेवटच्या दोन्हींच्या शिक्षा साध्या नाहीत. शेतीच्या पाण्यासाठी पाच वर्षांपर्यंत, आगीसाठी सात वर्षांपर्यंत कैद आहे.

ठाण्यात आपल्याला बऱ्याचदा एन.सी.चा कागद मिळतो. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. आत्याला पहिल्यांदा तो कागद मिळाला तेव्हा तिला वाटलं केस झाली. महिनाभर ती वाट बघत राहिली. कागद वाया जात नाही, पण त्याचा उपयोग वेगळा आहे. अशा दोन-तीन एन.सी. जमल्या की त्या दाखवून प्रतिबंधक कारवाई मागायची, जिला लोक चॅप्टर केस म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी त्या माणसाकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊ शकतात. तालुक्याला हे अधिकारी म्हणजे बहुधा तहसीलदारच. माझा अनुभव असा की दिवाणी नोटिशीला न घाबरणारा माणूस तहसीलमध्ये बंधपत्रावर सही करायला उभं राहावं लागलं की निम्मा नरमतो, कारण ते गावाला कळतं.

गुन्हा दखलपात्र असूनही नोंदवून घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, पोचपावती ठेवा, आणि तिथंही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेट. पीडित कुटुंब अनुसूचित जातीचं किंवा जमातीचं असेल आणि त्रास देणारा नसेल, तर जमीन बळकावणं किंवा जमीन-पाण्याच्या वापरात अडथळा आणणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ही गोष्ट ठाण्यात स्वतः सांगावी लागते.

रोजची वही

यातलं काहीही करायचं तर पुरावा लागतो, आणि पुरावा भांडणाच्या दिवशी तयार होत नाही. एक शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं. "नेहमी त्रास देतो" असं लिहू नका. "१२ मे, सकाळी आठच्या सुमारास बांधावरची तीन झुडपं जेसीबीनं काढली, सालगडी हजर होता" असं लिहा. फोनवर फोटो, व्हिडिओ घ्या. तो फोन मोडीत देऊ नका आणि मूळ फाइल पुसू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. दर हंगामाला ई-पीक पाहणी स्वतः नोंदवा. शेत आपण कसतो, ही नोंद त्यातून सातबारावर येते.

आणि काय करू नये तेही सांगतो. त्याचा पाइप फोडू नका. त्याच्या रानात जनावरं सोडू नका. रागाच्या भरात हात उचलू नका. त्याला नेमकं तेच हवं असतं, म्हणजे दोन्हीकडून तक्रारी होतात आणि ठाण्यात दोघांना एकाच बाकावर बसवतात. तो आपल्यावर एकतर्फी स्थगिती आणेल अशी शंका असेल, तर वकिलाकडून कोर्टात कॅव्हेट, म्हणजे "माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका" असा अर्ज, टाकून ठेवा. ती नव्वद दिवस चालते. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तसंच.

तडजोड म्हणजे माघार, असं मी मानत नाही. २००७ पासून गावोगाव तंटामुक्त समित्या झाल्या, आणि जिथं अध्यक्ष खमका आहे तिथं बांधाचे तंटे खरोखर मिटले आहेत. फक्त तडजोड तोंडी नको. मोजणीचा नकाशा समोर ठेवून, लेखी, सह्यांनिशी, आणि दावा चालू असेल तर लोकअदालतीत करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. मोजणीच्या आधी तडजोडीला बसलात, तर नेलेल्या तीन गुंठ्यांतला दीड गुंठा सोडून द्यायला लागतो आणि वर उपकार मानायला लागतात.

आत्याचा दावा असाच लोकअदालतीत मिटला. तिनं नुकसानभरपाई सोडली, त्यानं पावणेतीन गुंठे सोडले. त्या दिवशी बाहेर चहाच्या टपरीवर तो तिला म्हणाला, "वहिनी, एवढं कोर्टापर्यंत यायला नको होतं." ती म्हणाली, "भाऊजी, मी बांधावर आले होते की आधी."

आता दर वर्षी उन्हाळी नांगरट सुरू व्हायच्या आधी ती चुन्याची बादली घेऊन जाते, हद्दीचे चारही दगड रंगवते आणि नातवाकडून फोटो काढून मला पाठवते. यंदाच्या फोटोत बोर बांधावर आहे. बांध अजून बारीक आहे, वरून माणूस कसाबसा चालतो. बैल जाईल एवढा व्हायला आणखी काही पावसाळे लागतील.